वार आणि बचाव : एकाच हाताची तालीम

महाडच्या उत्तरेला रायगड, पोलादपूरजवळ उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आणि आंबेनळी घाट चढून गेलं की प्रतापगड. या टापूचा इतिहास आपण पराक्रमाचा म्हणून सांगतो, पण त्या पराक्रमामागची तालीम सहसा सांगत नाही. वार आणि बचाव या त्या तालमीत दोन वेगळ्या विद्या नव्हत्याच. पट्टा या लांब पात्याच्या तलवारीची घडणच पाहा. पोलादी खोबळा कोपरापर्यंत हात झाकतो, त्यामुळे मनगट वळत नाही. सगळी फेक खांदा, कंबर आणि पाय यांतून काढावी लागते. म्हणून शिकणाऱ्याने आधी पवित्रे घोटायचे, मग हात फिरवायचे. पातं अंगाभोवती फिरतं ठेवलं की तोच फेरा समोरच्याला मारतो आणि आपल्याला झाकतो. फरी-गदग्यातही तेच : एका हाती ढालीसारखी फरी, दुसऱ्या हाती कातडं मढवलेली काठी. एकाने मारायचं, दुसऱ्याने फरीवर घेऊन त्याच दमात उलटायचं. पट्टा चालवणारा तो ‘पटाईत’. पुढे हा शब्द कुठल्याही कामातल्या तरबेज माणसाला लागला.

शिवाजी महाराजांचं चरित्र सांगणारी सभासदाची बखर या दृष्टीने वाचावी. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अंगात चिलखत घालूनच आदिलशाही सरदार अफजलखानाच्या भेटीला गेले. खानाचा वार त्याच चिलखताने निभावला आणि मग महाराजांचा वार झाला. खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्टा घेऊन धावला, तेव्हा महाराजांच्या जिवा महालाने त्याचा पट्ट्याचा हातच तोडला. धन्याचा बचाव केला तो वार करूनच. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावरच्या लढाईत तानाजींची ढाल तुटली. त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली, तो हात पुढे धरून वार झेलले आणि उजवा हात चालूच ठेवला.

यावर कोणी म्हणेल, बखर घटनेनंतर लिहिलेली, तिचा आधार किती धरायचा? सभासदाने ती सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली. तपशिलाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण हत्यार चालवणाऱ्या पिढीसमोर लिहिताना त्याला कोणतं कसब नोंदवावंसं वाटलं, हे तर त्यातून नक्की कळतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : प्रतापगडची लढाई जिंकली ती हातातल्या पट्ट्याने नव्हे, जावळीच्या रानाने. खरं आहे. पण रानात फौजा दडवून शत्रूला आत येऊ द्यायचं आणि इशारा होताच तुटून पडायचं, हा तोच डाव मोठ्या पटावर मांडलेला होता. आज मर्दानी खेळात लिंबू कापलं की टाळ्या पडतात आणि त्याला नुसतं प्रदर्शन म्हणून बाजूला सारलं जातं. कापण्याइतकंच ते पातं नेमक्या जागी आवरण्याचं कसब आहे. महाड-पोलादपूरच्या शाळांनी फरी-गदगा पुन्हा मुलांच्या हाती द्यावा. तानाजींच्या समाधीला हार दरवर्षी चढतो. त्यांच्या हातांची विद्याही पुढच्या पिढीला मिळायला हवी.