पाहणाऱ्यांची आणेवारी

दर गुरुवारी मुंबईहून दूरचित्रवाणी वाहिन्यांचा साप्ताहिक ताळेबंद जाहीर होतो, आणि त्यातील मराठी वाहिन्यांच्या रकान्यावर बाजारपेठ म्हणून ‘महाराष्ट्र व गोवा’ एवढेच दोन प्रदेश नोंदलेले असतात. शहरी व ग्रामीण, दोन वर्षांवरील सर्व व्यक्ती, सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा, अशी त्या मथळ्याची काटेकोर व्याख्या आहे. तिच्यात शब्दाचीही हयगय नाही. मात्र रायपूरच्या चौबे कॉलोनीत, जेथे १९३५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू उभी आहे आणि दिवेलागणीनंतर ज्या वस्तीतल्या कित्येक घरांतून मराठी मालिकांची शीर्षकगीते जिन्यापर्यंत ऐकू येतात, तेथील मराठी प्रेक्षक या रकान्यात कोठेही सापडत नाही. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास ठाणे दिल्यापासून मराठी माणसाचा या मुलखाशी संबंध आहे. पण मोजणीच्या दफ्तरी तो ‘मध्य प्रदेश व छत्तीसगढ’ या सदरात, म्हणजे पर्यायाने हिंदी बाजारात, जमा धरला जातो. गंमत अशी की याच हिशेबात पुण्याचा प्रेक्षक मराठी बाजारातही मोजला जातो आणि हिंदी बाजारातही, कारण दक्षिणेची राज्ये वगळून उरलेला सगळा देश म्हणजे हिंदी बाजार अशीच तेथली वहिवाट आहे.

यात कोणी द्वेषबुद्धीने कोणाला वगळले आहे असे नव्हे. ज्या मसालेवाल्याचा वा सराफाचा माल महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे जात नाही, त्याने रायपुरातल्या डोळ्यांचे मोल काय म्हणून द्यावे? मोजणीचा खर्च जो सोसतो त्याच्या गरजेपुरतीच मोजणी होते, आणि या शास्त्राचा गेल्या पाऊणशे-शंभर वर्षांचा सगळा इतिहास मला तरी या एकाच सूत्राभोवती फिरताना दिसतो. त्यात दोन घराणी आहेत. एक घराणे विकणाऱ्यांचे. त्याला माणसे किती जमली हे हवे असते. दुसरे शिकवणाऱ्यांचे, त्याला जमलेल्या माणसांना काय वाटले हे जाणून घ्यायचे असते.

विक्रेत्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष शिकागोचा आर्थर नील्सन. १९२३ साली स्थापन केलेल्या त्याच्या संस्थेचा धंदा दुकानांतील मालाच्या खपाची पाहणी करण्याचा होता, आणि रेडिओकडेही त्याने खपाच्याच नजरेने पाहिले हे सर्वस्वी स्वाभाविक होते. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील रॉबर्ट एल्डर व लुई वुडरफ या दोघांनी रेडिओची सुई कोणत्या केंद्रावर किती वेळ स्थिरावली याची आपोआप नोंद करणारे एक यंत्र तयार केले होते. त्याचे हक्क नील्सनने १९३६ साली मिळवले, १९४२ पासून त्यावर आधारलेले आकडे विकावयास काढले, आणि १९५० साली तीच पद्धत दूरचित्रवाणीला लावली. मधल्या काळात या यंत्राची एक अशी आवृत्ती निघाली की तिच्यातील फिल्मची डबी घरधन्याने स्वतःच बदलून टपालाने शिकागोस पाठवावयाची, आणि नवी डबी आत सरकवताच यंत्रातून पाव डॉलरची दोन नाणी बाहेर पडावयाची. प्रेक्षकाच्या हातावर मोजणीदाराने ठेवलेला हा पहिलावहिला मेहनताना! पुढच्या काळातील गैरव्यवहारांचे बीज या निरुपद्रवी नाण्यांत होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. तरीही मोजले जाण्याबद्दल मोबदला मिळतो ही कल्पना लोकांच्या मनात तेव्हाच रुजली असणार.

थोड्या घरांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधावयाचा, ही गोष्ट ऐकून नाक मुरडणारे लोक आजही भेटतात. त्यांना आपल्याकडील आणेवारीची आठवण करून द्यावीशी वाटते. उभ्या पिकाकडे पाटील-तलाठ्याने बांधावरून पाहावे आणि यंदा इतके आणे पीक आहे असे लिहावे, या नजरअंदाज रिवाजावर कैक पिढ्यांची जमाबंदी आणि सूट-तहकुबी चालली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या नजरेच्या जागी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या वाफ्यांची प्रत्यक्ष कापणी आणि तोलाई आणली. आणि १९४० च्या दशकात, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यासारख्या आचार्याशी मतभेद पत्करून, त्यांनी दाखवून दिले की वाफा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज हटकून वाढतो. कारण मोठे मनोज्ञ आहे. आखलेल्या रेघेवर जे रोप येते ते आत धरावे की बाहेर, हा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. आणि वाफा जितका लहान, तितका त्यात मध्यापेक्षा काठाचा हिस्सा मोठा. प्रेक्षकमापनाचे मर्म मला या काठावरच्या रोपात दिसते. मीटर बसवलेल्या घरात प्रत्येक माणसाला रिमोटवरचे एकेक बटण नेमून दिलेले असते. खोलीत आल्यावर आपले बटण दाबावयाचे, बाहेर जाताना पुन्हा दाबावयाचे, पाहुणा आला तर त्याचे बटण निराळे. आता जी गृहिणी कणकेने माखलेल्या हातांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून अर्धी मालिका पाहते आणि अर्धी नुसती ऐकते, तिचे बटण कोणी दाबावयाचे? आणि सोफ्यावर बसून मोबाईलमध्ये डोके खुपसलेला तिचा चिरंजीव, ज्याचे बटण दाबलेले आहे, त्याला प्रेक्षक म्हणावयाचे काय?

आपल्या देशात हे घराणे उशिरा आले. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ साली सुरू झाल्या, ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ ही प्रायोजित मालिका अवतरली, आणि मग प्रायोजकाला आपल्या पैशाचा हिशेब हवासा वाटू लागला. प्रारंभी रोजनिशीची पद्धत होती: पाव-पाव तासाचे रकाने आखलेली वही घरोघर द्यावयाची आणि आठवड्याने गोळा करावयाची. माणूस अशी वही रोजच्या रोज भरीत नाही, ती न्यावयास माणूस येणार त्याच्या आदल्या रात्री बसून भरतो. आणि स्मरणाने भरलेल्या वहीत गाजलेल्या कार्यक्रमाचे पारडे नेहमीच जड होते. १९९८ पासून ‘टॅम’ संस्थेची मीटरे आली. २००१ साली मुंबईतल्या मीटर-घरांची यादीच बाहेर फुटली आणि गुप्ततेवर उभ्या असलेल्या या इमारतीचा पाया किती पोकळ आहे ते उघड झाले. पुढे प्रक्षेपक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांनी मिळून ‘बार्क’ ही संस्था उभारली. तिचे आकडे एप्रिल २०१५ पासून येऊ लागले. प्रत्येक वाहिनीच्या ध्वनीत कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते आणि मीटर ती ओळखते, असे तिचे तंत्र आहे. २०२० च्या सुमारास अशी ४४ हजार घरे सुमारे २१ कोटी घरांचे प्रतिनिधित्व करीत होती. म्हणजे एकेका दिवाणखान्याच्या पाठीशी पावणेपाच हजार दिवाणखाने! लोकप्रिय मालिकेच्या बाबतीत हे प्रमाण पुरेसे असते, पण ज्या वाहिनीला मुळातच प्रेक्षक थोडे, तिच्या बाबतीत चार-दोन घरांनी कल बदलला की सगळा क्रम उलटापालटा होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जो आरोप केला तो नेमका या वर्मावर बोट ठेवणारा होता: काही मीटर-घरांना महिन्याकाठी चारपाचशे रुपये देऊन विशिष्ट वाहिनी लावून ठेवावयास सांगितले जाते, असे त्यांचे म्हणणे. लगोलग वृत्तवाहिन्यांचे आकडे बंद झाले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा आले, आणि तेही चार आठवड्यांची फिरती सरासरी काढून.

आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ लावताना घाई होतेच. टाळेबंदीत पुनःप्रसारित झालेल्या ‘रामायणा’चा १६ एप्रिल २०२० चा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला हा जगातला उच्चांक, असे दूरदर्शनने जाहीर केले. आणि १९८३ सालच्या ‘मॅश’ या अमेरिकन मालिकेच्या अखेरच्या भागाचा प्रेक्षकवर्ग दहा कोटींहून अधिक होता हे दाखवून देणारेही तत्काळ पुढे आले. त्या दिवसांत लोकांना घराबाहेर पडण्याची मुभा नव्हती, ही बाब मात्र या वादात कोणी फारशी विचारात घेतली नाही.

दुसऱ्या घराण्याचा उगम लंडनचा. बीबीसीचा चरितार्थ परवानाशुल्कावर, जाहिरातीवर नव्हे. त्यामुळे श्रोते मोजण्याची तिला निकडही नव्हती आणि, लोकानुनयाच्या भीतीने, फारशी इच्छाही नव्हती. १९३६ साली रॉबर्ट सिल्व्ही नावाचा जाहिरातसंस्थेत काम केलेला गृहस्थ तेथे श्रोतृसंशोधनासाठी रुजू झाला. दैनंदिन गणना त्याने १९३९ मध्ये सुरू केली खरी, पण १९४१ पासून तिच्या जोडीला पसंतीचा निर्देशांकही काढावयास घेतला: ऐकणाऱ्याने कार्यक्रमाला श्रेणी द्यावयाची आणि तिचे रूपांतर शंभरापैकी गुणांत करावयाचे. हे गुण वाचण्याचेही एक शास्त्र आहे. ज्या कार्यक्रमाकडे केवळ त्याचे भक्तच वळतात त्याला गुण भरघोस मिळतात. म्हणून शास्त्रीय संगीताची मैफल आणि रात्रीच्या बातम्या यांचे गुण शेजारी शेजारी ठेवणे निरर्थक, मैफलीची तुलना मैफलीशीच करावयाची. आणखी एक गोष्ट पुढे अँड्र्यू एरनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी निदर्शनास आणली, की एखाद्या मालिकेचा या आठवड्याचा भाग पाहणाऱ्यांपैकी पुढचा भाग पाहणारे निम्म्याच्या आसपासच असतात. आकडा जागच्या जागी दिसतो, पण त्याच्या आतली माणसे सतत बदलत असतात.

या दुसऱ्या घराण्याची भारतातील सर्वांत मोठी शाखा ज्या मोजक्या प्रदेशांत फुटली, त्यांत छत्तीसगढ होते. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला, आणि त्या करारानुसार १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत ‘एटीएस-६’ हा उपग्रह भारताच्या दिमतीस मिळाला. उपग्रहावरून खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याच्या या प्रयोगाची आखणी सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांसाठी झाली. मध्य प्रदेशच्या वाट्याची गावे रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या तत्कालीन जिल्ह्यांतली होती. कार्यक्रमाचे व्यवस्थापन कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, ओसरीवर कुलूपबंद पेटीत संच, संच उघडावयास बहुधा शाळामास्तर. सकाळी मुलांसाठी दीड तासाचे प्रक्षेपण, पैकी हिंदीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे, आणि सायंकाळी अडीच तास शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, लोककला व दिल्लीच्या बातम्या. बिहार, राजस्थान आणि छत्तीसगढ या तिन्ही मुलखांना एकच हिंदी दिलेली होती. धानाच्या शेतात छत्तीसगढी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला ती कितपत उमगली असेल, हा प्रश्न परीक्षेच्या पहिल्या दिवसापासून उभा होता.

आणि ही परीक्षा घेण्याची रीतच न्यारी होती. कार्यक्रम तयार होण्यापूर्वी खेड्याची गरज काय ते विचारावयाचे, तयार झाल्यावर नमुन्यादाखल दाखवून पाहावयाचे, प्रक्षेपण चालू असता निवडक गावांत मुक्काम केलेल्या अन्वेषकाने प्रेक्षकांतच बसून पुरुष किती, बायका किती, पोरे किती, मधूनच उठून कोण गेले हे टिपावयाचे, आणि मग त्यांतल्या काहींना गाठून काय कळले, काय आवडले ते विचारावयाचे. बिनोद अग्रवाल यांच्या मार्गदर्शनाखाली मानवशास्त्रज्ञ तर काही गावांत महिनोन्महिने राहिले. संच येण्यापूर्वीचे गाव, संच असतानाचे गाव आणि तो गेल्यानंतरचे गाव अशा तिन्ही अवस्था त्यांनी पाहिल्या. शिवाय जेथे संच नव्हता अशी गावेही तुलनेसाठी तपासली गेली. मीटरला जे दिसत नाही ते टिपावयास माणूसच लागतो, आणि माणसाचा मुशाहिरा, भत्ता व धीर यांची बेगमी ज्याला काही विकावयाचे नाही असाच धनी करू शकतो.

त्या पाहण्यांत आढळलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की सुरुवातीच्या नवलाईत शेकड्यांनी लोटलेली गर्दी पुढे ओसरत गेली आणि दर संचामागे शंभराच्या आसपास स्थिरावली. दुसरी अशी, की आरोग्य, स्वच्छता आणि कुटुंबनियोजन या विषयांत नियमित प्रेक्षकांचे ज्ञान मोजण्याइतके वाढले, आणि ही वाढ निरक्षरांत, विशेषतः अक्षरशत्रू राहिलेल्या स्त्रियांत, अधिक ठळक होती. शेतीच्या बाबतीत मात्र फारसा पाड लागला नाही. गुरुवारच्या ताळेबंदाच्या रिवाजाने केवळ पहिली गोष्ट नोंदली गेली असती, तर वर्षभरात प्रेक्षक गमावणारा एक अयशस्वी कार्यक्रम एवढाच शेरा त्या फाइलीवर पडला असता. वर्ष सरल्यावर उपग्रह परत गेला, छत्तीसगढातल्या छत्र्या मुक्या झाल्या, आणि १९७७ साली रायपूरला जमिनीवरचे प्रक्षेपणकेंद्र मिळाले. ज्यांच्याकडे स्वतःचा संच विकत घेण्याची ऐपत होती त्या शहरवासीयांची त्याने सोय झाली; ओसरीवर वही घेऊन बसणाऱ्या अन्वेषकाला मात्र त्या दिवाणखान्यांत कोणी पाठवले नाही.