पाबळचा घुमट आणि हिशेबाची मालकी

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत आधुनिक बांधकाम आले ते बाहेरून आणि हुकुमाने. घोडनदीला इंग्रजांची छावणी बसली. तिथे १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर पुढे आसपासच्या गावकऱ्यांनी सत्पुरुषाचे स्थान म्हणून पुजली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. बराकी असोत, पूल असोत की स्टेशने, नकाशा कचेरीत तयार होई आणि गवंड्या-पाथरवटांनी तो जमिनीवर उतरवायचा. लोकांनी या वास्तू आपल्याशा केल्या, पण त्यामागचा हिशेब त्यांच्या हाती आला नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनातल्या मुलींच्या हाती छापखाना दिला, तेव्हा वेगळी वाट दिसू लागली होती. म्हणून इथल्या आधुनिक वास्तुकलेचा आरंभ इमारतीच्या आकारावरून ठरवू नये. आराखडा बांधणाऱ्याच्या हाती केव्हा आला, यावरून ठरवावा. या कसोटीवर पाबळचे नाव घ्यावे लागते.

शिरूर तालुक्यातले पाबळ मस्तानीच्या समाधीमुळे ओळखले जाते. तिथेच १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. परदेशात डॉक्टरेट मिळवून मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा माणूस अवर्षणग्रस्त गावात आला तो मुलांना काम करता करता विज्ञान शिकवण्यासाठी. आश्रमातले जिओडेसिक घुमट हे त्या शिक्षणाचेच फळ. लोखंडी अँगलचे मोजक्या लांबीचे तुकडे कापायचे, बोल्टने जोडून त्रिकोण उभे करायचे, वर जाळी ताणून सिमेंटचा गिलावा द्यायचा. मध्ये खांब नाही, तुळई नाही, लाकूड नाही. मात्र तुकड्यांची लांबी चुकली तर जोड बसत नाही, त्यामुळे भूमिती समजून घेतल्यावाचून बांधणाऱ्याची सुटका नसते.

आक्षेप येईल की ही रचना तर अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलरची. तिचे पेटंट १९५४ चे. पण घुमट नेहमीच प्रवास करत आला आहे. विजापूरचा गोलघुमटही पश्चिम आशियातल्या परंपरेशी नाते सांगतो. फिलिपिन्समध्ये लिआंड्रो लोक्सिन यांनी १९५५ मध्ये विद्यापीठाच्या आवारात पातळ काँक्रीटच्या घुमटाखाली गोल चर्च उभारले, आणि आज ते त्या देशाच्या आधुनिक वास्तुकलेचा मानबिंदू आहे. कल्पना कुठून आली यापेक्षा इथल्या हातांनी तिचे काय केले, हे महत्त्वाचे. दुसरा आक्षेप असा की ही कारागिरी आहे, कला नव्हे. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. छताचे वजन कमी करणे हा जिथे जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, तिथे कमीत कमी सामानात बंदिस्त जागा देणारा आकार शोधणे हीच वास्तुकला.

तिसरा आक्षेप अधिक खरा आहे. गोल खोलीत कपाट भिंतीला लागत नाही, वर मजला चढत नाही, आणि वाटणी करायची तर चौकोनी घरच सोयीचे. हे मान्य करायला हवे. पण घुमट घरोघरी पोचला नाही म्हणून तो फसला असे होत नाही. मोजणी, वेल्डिंग, जाळी-सिमेंटचे काम ही विद्या शिकलेल्या मुलांबरोबर गावोगाव जाते. तिच्यातून टाकी होते, शेड होते. महाराष्ट्राच्या वास्तुकलेचा इतिहास मुंबईच्या इमारतींपाशी थांबतो, आणि म्हणूनच तो अपुरा आहे. पाबळला त्यात मानाचे पान मिळाले पाहिजे, कारण तिथे बांधणारा आणि हिशेब करणारा एकच झाला.