पॉवर स्टिअरिंगची तेलगळती

पॉवर स्टिअरिंगची तेलगळती : तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमधून तेल झिरपण्याचा दोष. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने १९२० च्या दशकात ही यंत्रणा मोटारीवर बसवून दाखवली. विक्रीच्या गाडीत ती १९५१ मध्ये क्रायस्लर इंपीरियलमधून आली. भारतात पहिली होंडा सिटी, ह्युंदाई अ‍ॅक्सेंट, टोयोटा क्वालिस यांच्या पिढीत ती रुळली. पुढे छोट्या गाड्यांत विजेची मोटर आली, तेल गेले आणि गळतीही गेली. त्यामुळे हे दुखणे आता मुख्यतः जुन्या गाड्यांचे उरले आहे.

इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप टाकीतले तेल ओढून दाबनळीतून रॅककडे, म्हणजे चाकांना जोडलेल्या दातेरी दांड्याकडे, ढकलतो, रॅकमधला पिस्टन चाके वळवायला जोर लावतो आणि तेल साध्या रबरी नळीतून टाकीत परत येते. सरळ रस्त्यावर दाब बेताचा असतो. स्टिअरिंग टोकाला नेले की तो ७० ते १०० बारच्या घरात जातो. टायरमधली हवा साधारण दोन-सव्वादोन बारची असते, यावरून अंदाज यावा. निदानाची मेख याच फरकात आहे. दाबाच्या बाजूची गळती इंजिन चालू असताना, वळताना उघडी पडते. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतली मात्र गाडी उभी असताना ठिबकते आणि चालू झाली की उलट हवा आत ओढते. तेव्हा जमिनीवर थेंबभर तेल नाही, पण पंप ओरडतो आणि टाकीत ताकावर यावा तसा गुलाबी फेस येतो.

आधी गळते ते काय, हे ठरवावे. रात्री इंजिनाखाली खोक्याचा पांढरा पुठ्ठा सारून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणेने मांडल्या, की सकाळी डाग नेमका कशाखाली पडला ते कळते. स्वच्छ पाणी एसीचे. हिरवे किंवा गुलाबी, बुळबुळीत आणि गोडसर वासाचे ते कूलंट. काळपट ते इंजिन ऑइल. स्टिअरिंगचे तेल बहुतेक गाड्यांत लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचे तेल) असते, जुने झाले की तपकिरी पडते आणि त्याला जळका वास येतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत तिथलेही तेल लालच. अशा वेळी रंगावर विसंबू नये, टाकीची पातळी खाली जाते का ते पाहावे. पावसाळ्यात खालचा सगळा भाग ओला असल्याने हा प्रयोग फसतो. दोन दिवस गाडी छपराखाली उभी करावी.

थेंब पडतो तीच जागा गळतीची असेल असे नव्हे. तेल नळीवरून, क्रॉस मेंबरवरून (गाडीखालच्या आडव्या तुळईवरून) ओघळत सर्वांत खालच्या कडेला जमते, शिवाय धावत्या गाडीत वारा ते मागे फेकतो. म्हणून इंजिन थंड असताना सगळा भाग डिग्रीझरने धुऊन पुसून कोरडा करावा, टाकीत तेल पातळीपर्यंत भरावे, इंजिन चालू करून मदतनिसाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे आणि बॅटरीच्या उजेडात ओल्या भागातली सर्वांत वरची जागा शोधावी. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, पंप तापतो. दाबनळीवर हात फिरवून गळती चाचपू नये. बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार कातडीत घुसते. गळती फारच बारीक असेल तर तेलात चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याने पाहतात.

सर्वांत स्वस्त दोष आधी तपासावा, आणि गॅरेजमध्ये नेमके हेच राहून जाते. परतीच्या नळीची सैल क्लिप किंवा तडकलेले रबर थोडक्यात बदलून होते. तरी ‘रॅक गेला’ असा निकाल पुष्कळदा क्लिप न पाहताच लागतो. दाबनळी बहुधा रबर आणि धातूचे टोक जिथे दाबून जोडलेले असते तिथे पाझरते. तिथे साधा रबरी पाइप व क्लिप लावणे म्हणजे निव्वळ धोका, कारण उडालेले तेल गरम एक्झॉस्टवर पडून पेटू शकते. पंपाच्या दांड्याचे ऑइल सील गेले तर पुलीच्या मागे ओल आणि बेल्टवर शिंतोडे दिसतात.

रॅकची परीक्षा बुटांवर होते. चाकाकडच्या टोकाला असलेला घड्यांचा रबरी बूट बोटांनी दाबावा. आत तेल असेल तर तो पाणी भरलेल्या फुग्यासारखा थुलथुलीत लागतो. लहान क्लिप सोडून कड उचलली की लाल धार हातावर येते. बूट कोरडा असायला हवा, त्यामुळे तेल आत सापडले की रॅकचे टोकाचे सील गेले यात शंका नाही. पण दोन्ही बूट ओले म्हणजे दोन्ही सील गेली असे नव्हे. अनेक रॅकमध्ये दोन बुटांना जोडणारी हवेची बारीक नळी असते, तिच्यातून तेल पलीकडे जाते. रॅकला सरकवणाऱ्या पिनियनचे (लहान दातेरी चाकाचे) वरचे सील फुटल्यास ओल स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी दिसते. काही गाड्यांत ती ड्रायव्हरच्या मॅटखालीही येते.

गळती थांबवणारी म्हणून मिळणारी औषधे रबर फुगवून काम करतात. जुन्या, कडक झालेल्या सीलला त्याने काही दिवस मिळतात, फुटलेल्या नळीला काही होत नाही. ब्रेक ऑइल घालण्याचा उद्योग मात्र कधीच करू नये, त्याने सगळी सील खराब होतात.

दुरुस्तीनंतर पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा दोन्ही टोकांना फिरवले की हवा निघते. फेस थांबेपर्यंत टाकी भरत राहावी. वाटेत टाकी रिकामी झाली आणि पंपाला स्वतंत्र बेल्ट असेल, तर तो काढून घरी यावे. स्टिअरिंग जड होते, पण वळते. कोरडा फिरलेला पंप मात्र गॅरेज गाठेपर्यंत खलास होऊ शकतो.