डासांतील व्हायरसांचे सर्वेक्षण

डासांच्या दंशाने माणसात संक्रमित होणारे व्हायरस प्रत्यक्ष डासांमध्ये शोधणे, त्यांच्या प्रमाणाची नियमित नोंद ठेवणे व त्यावरून संभाव्य साथीची पूर्वसूचना देणे, या कार्यास ही संज्ञा लावतात. पीतज्वर, डेंग्यू, चिकुनगुन्या, जपानी मस्तिष्कशोथ (मेंदूची दाहयुक्त सूज), पश्चिम नाईल ज्वर व झिका हे अशा व्हायरसांमुळे होणारे प्रमुख रोग होत. जपानी मस्तिष्कशोथात संसर्ग झालेल्या सुमारे २५० व्यक्तींपैकी एकीलाच तीव्र लक्षणे होतात. म्हणजे पहिला रुग्ण आढळतो तेव्हा संसर्ग पुष्कळ पसरलेला असतो. या रोगावर खास असा औषधोपचार नाही. म्हणून रुग्णाऐवजी डासाकडे आधी पाहण्याची ही पद्धत महत्त्वाची ठरली.

इतिहास : डास हा रोगवाहक असू शकतो, या कल्पनेचा पाया पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमध्ये हत्ती रोगाच्या कृमींवर केलेल्या संशोधनाने घातला गेला. रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी आढळले. कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडलेली पीतज्वराविषयीची उपपत्ती वॉल्टर रीड यांच्या मंडळाने १९०० मध्ये क्यूबात प्रयोगांनी सिद्ध केली. या कामात मंडळाचे एक सदस्य जेसी लाझिअर पीतज्वराने मृत्यू पावले.

यानंतर निसर्गातील डास पकडून त्यांतून व्हायरस वेगळे करण्याकडे लक्ष वळले. विल्यम हॅमन व विल्यम रीव्ह्‌झ यांनी १९४१ मध्ये अमेरिकेतील यॅकिमा खोऱ्यात क्यूलेक्स टार्सालिस या डासापासून घोड्यांना व माणसांना होणाऱ्या पश्चिमी अश्व मस्तिष्कशोथाचा व्हायरस मिळविला. युगांडातील झिका अरण्यात पीतज्वराच्या शोधासाठी झाडांवरील मचाणांवर पिंजऱ्यांत माकडे ठेवली जात. त्यांपैकी एका माकडाच्या रक्तात १९४७ मध्ये एक अज्ञात व्हायरस आढळला. १९४८ मध्ये तेथेच पकडलेल्या ८६ ईडिस आफ्रिकानस डासांच्या संचातही तो मिळाला. हाच झिका व्हायरस होय. त्याच्या मोठ्या साथी सुमारे सहा दशकांनंतर उद्‌भवल्या.

पद्धती : प्रकाश-सापळे व शुष्क बर्फातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांच्या साहाय्याने डास पकडतात. शीत पृष्ठावर ठेवून त्यांच्या जाती ओळखतात आणि एकाच जातीच्या, साधारणपणे ५० पर्यंत, माद्यांचा एकेक संच करून तो वाटून तपासतात. १,००० डासांच्या तपासणीत दोन संच होकारार्थी निघाल्यास किमान संसर्गमान दर हजारी दोन असे मानतात. पूर्वी हा अर्क उंदरांच्या दूधपित्या पिलांच्या मेंदूत टोचीत. पुणे येथील व्हायरस संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये ईडिस आल्बोपिक्टस डासाच्या डिंभांपासून कोशिकांचे संवर्धन तयार केले. त्यातून १९७८ मध्ये निवडलेला एक कोशिका-वंश जगभरच्या प्रयोगशाळांत डासजन्य व्हायरस वाढविण्यासाठी वापरला जातो. अलीकडे व्हायरसाचे न्यूक्लिइक अम्ल ओळखणाऱ्या चाचण्यांमुळे निष्कर्ष काही तासांत मिळतो. डासांच्या जोडीला कोंबड्या ठरावीक जागी ठेवून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडेही काही देशांत वेळोवेळी तपासतात.

भारतातील कार्य : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यास वरील केंद्र स्थापन झाले, १९७८ मध्ये त्यास राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले. वेल्लोर परिसरात १९५५ मध्ये जपानी मस्तिष्कशोथाचे रुग्ण ओळखले गेले आणि पुढील वर्षी तेथील डासांपासून त्याचा व्हायरस मिळविण्यात आला. भातखाचरांत वाढणारे क्यूलेक्स डास, बगळ्यांसारखे पाणपक्षी व डुकरे यांच्यात हा व्हायरस फिरत असतो. माणूस त्यात योगायोगाने सापडतो. त्यामुळे भातशेतीच्या प्रदेशात डासांची पाहणी उपयुक्त ठरते. डेंग्यू व चिकुनगुन्या यांच्या शहरी साथींत मात्र व्हायरस माणसाकडून डासाकडे व पुन्हा माणसाकडे जातो. तेथे घरोघरची साठवणीची भांडी तपासून ईडिस डिंभांचे प्रमाण काढण्यावर अधिक भर असतो. बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली. त्यानंतर हा रोग भारतात जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर उद्‌भवला.

मर्यादा व महत्त्व : हे काम कष्टाचे असून त्यास कीटकशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा व अखंड निधी लागतो. साथ नसलेल्या वर्षांत ते अनावश्यक वाटून बंद पडण्याचा धोका असतो. न्यूयॉर्क शहरात १९९९ मध्ये अशी पाहणी चालू नव्हती. त्या उन्हाळ्यात कावळे मोठ्या संख्येने मरू लागले, माणसांतील रोग प्रथम सेंट लुइस मस्तिष्कशोथ समजला गेला आणि तो पश्चिम नाईल व्हायरसाचा असल्याचे नंतर स्पष्ट झाले. त्या वर्षी ६२ रुग्ण व ७ मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर अमेरिकेत डास, पक्षी, घोडे व माणसे यांच्या नोंदी एकत्र ठेवणारी राष्ट्रव्यापी व्यवस्था उभारण्यात आली. डासांत व्हायरस न आढळणे म्हणजे तो त्या प्रदेशात नाही असे मात्र नव्हे. एका ठिकाणच्या अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी असतील, तरच एखाद्या ऋतूतील वाढ ही साथीची नांदी आहे की नेहमीचा चढउतार आहे, हे सांगता येते.