सर्कशीतल्या सिंहांचं पुढं काय झालं?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

सर्कस म्हटलं की आपल्या सांगली भागाची कॉलर ताठ होते. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचं काम बघायचे. मुंबईत चिआरिनीची इटालियन सर्कस आली, ती बघून त्यांनी १८८०च्या सुमारास ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढं म्हैसाळच्या देवलांची आली. (गायक रहिमतखाँ छत्र्यांच्या सर्कशीबरोबर हिंडायचे, तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

लहानपणी आमच्या गावच्या मैदानावर तंबू पडला की रात्री डरकाळी घरापर्यंत यायची. दिवसा बघावं तर सिंह पिंजऱ्यात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. आम्हाला वाटायचं, चिडलाय. कोंडलेलं जनावर तसंच करतं, हे फार उशिरा कळलं.

१९९८ला केंद्र सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले; २००१ला सुप्रीम कोर्टानं बंदी कायम ठेवली. बातमी तिथं संपली. जनावरं नाही संपली.

त्यांच्यासाठी विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा, वंडलूर, जयपूर इथं बचाव केंद्रं निघाली. सर्कशीतले बरेच सिंह आफ्रिकन आणि आशियाई अशा संकरातले. म्हणजे ना गीरमध्ये सोडता येत, ना आफ्रिकेत. त्यांची पैदासही करायची नाही. मरेपर्यंत मटण घालायचं, औषधपाणी बघायचं, आणि प्राणिसंग्रहालयासारखी तिकिटं लावून गर्दीही जमवायची नाही. मग पैसा येणार कुठून?

आता तंबू गेले, पण हौस गेली नाही. मकाव, इग्वाना, परदेशी अजगर आज तालुक्याच्या गावातही पोचलेत. १९७२चा वन्यजीव कायदा परदेशी प्राण्यांना लागूच नव्हता. २०२२च्या दुरुस्तीनं त्यातल्या बऱ्याच जाती कायद्याखाली आल्या. हौस फिटली की लोक जनावर तळ्यात नाहीतर रानात सोडतात. लाल कानपट्टीचं अमेरिकन कासव असंच आपल्याकडच्या तळ्यांत शिरलंय, आणि देशी कासवांच्या वाट्याचं खातंय.

म्हणून म्हणतो, सुटका केलेल्या परदेशी प्राण्यांसाठी आपल्या भागात एक केंद्र व्हायला हवं. "आधी माणसांचं बघा" अशी कमेंट येणार, माहितीय. माणसांचं बघूच. पण ही जनावरं स्वतःहून आली नव्हती, आपण तिकीट काढून आणवली.

मदत करताना एवढं बघा: केंद्राला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का? तिथं पिल्लं विकत नाहीत ना? बछडा मांडीवर देऊन सेल्फी काढू देत असतील, तर एक रुपयाही देऊ नका. तो धंदा.

आणि हो, कुणाच्या घरी छत्रे किंवा देवल सर्कशीचे जुने फोटो, जाहिराती असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. येऊन बघून जाईन.