मागच्या काचेचा इतिहास : वेंगुर्ले आणि जुन्या जीपगाड्या

जुन्या जीपच्या घडणीच्या गाडीची मागची काच फुटली की काम सोपे की अवघड हे तीन गोष्टी पाहून ठरते. काच सपाट आहे की वळणाची, ती रबरात बसवलेली आहे की चिकटवलेली, आणि भोवतालचा पत्रा शाबूत आहे की गंजलेला. यातल्या पहिल्या दोन गोष्टी गाडी कोणत्या काळातली आहे त्यावर अवलंबून असतात, तर तिसरी ती कोणत्या गावात वापरली गेली त्यावर. भारतात जीपगाड्या आल्यापासून मागच्या खिडकीने तीन रूपे पाहिली : कापडी हूड, सपाट काच आणि वळणाची टफन काच. प्रत्येक टप्प्यावर ती अधिक सुरक्षित झाली आणि त्याच वेळी गावच्या कारागिराच्या हातून थोडी थोडी सुटत गेली. वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यावरच्या, मोठ्या बाजारपेठेपासून दूरच्या गावात हा बदल ठळकपणे दिसतो.

वेंगुर्ले हे मुळात बंदराचे गाव. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिची पडकी इमारत आजही गावात उभी आहे. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांच्या ताब्यात आले. आंबोलीच्या घाटातून बेळगावकडे जाणारा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला, तेव्हा घाटमाथ्यावरचा बराच माल वेंगुर्ल्याला उतरू लागला आणि येथूनच वर चढू लागला. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने देशाशी जोडले गेले आणि हा व्यापार तिकडे वळला. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण तिची जवळची स्थानके कुडाळ आणि सावंतवाडी, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरवर. त्यामुळे माणसांची आणि मालाची ने-आण रस्त्यावरच राहिली. घाट, लाल मातीचे रस्ते आणि पावसाळ्यातला चिखल यांना तोंड देणारी उंच चाकांची गाडी येथे चैनीपेक्षा गरजेची होती.

काच मात्र या भागात बाहेरूनच येत असे. शेजारच्या गोव्यात खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे लाकडी चौकटीत बसवत, ते जुन्या घरांत अजून पाहायला मिळतात. महाराष्ट्रात काचेचा उद्योग उभा राहिला तो स्वदेशीच्या चळवळीत. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. त्यामुळे ते ठिकाण ओगलेवाडी म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर पोचला. पण कंदिलाची चिमणी किंवा बाटली घडवणे वेगळे आणि मोटारीला लागणारी सपाट, निर्दोष काच काढणे वेगळे. तिच्यासाठी बराच काळ आयातीवरच भिस्त होती.

मोटारीच्या काचेचा पाया युरोपात घातला गेला. फ्रान्समध्ये रॉयर द ला बास्ती याने १८७४ मध्ये तापवलेली काच झपाट्याने थंड करून ती कणखर, म्हणजे टफन, करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आतून सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा बसलेला होता. त्यातून दोन काचांमध्ये चिकट पटल घालण्याची, म्हणजे लॅमिनेटेड काचेची कल्पना निघाली. १९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काचरस तरंगवून सपाट काच काढण्याची पद्धत जाहीर केली. या फ्लोट काचेला घासून गुळगुळीत करावे लागत नाही. आजची मोटारीची काच या तीन शोधांवर उभी आहे.

पुढची काच लॅमिनेटेड आणि मागची टफन, अशी वाटणी पुढे रूढ झाली. पुढच्या काचेवर समोरून दगड येतो आणि धडकेत माणूस तिच्यावर आदळतो. ती तडकली तरी चौकटीतच राहावी, म्हणून मध्ये पटल हवे. मागच्या बाजूला हा धोका कमी असतो, म्हणून तिथे एकेरी टफन काच चालते. ती सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून दोन्ही अंगांनी वाऱ्याच्या झोतात एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी आळतो, गाभा मागाहून, आणि पृष्ठभागावर कायमचा दाब राहतो. त्यामुळे साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट कणखर होते, आणि फुटलीच तर धारदार सुरे न होता तिचे बारीक बोथट खडे होतात. पण या गुणाची एक किंमत आहे. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप, वळण आणि वायपरचे भोक हे सगळे भट्टीत जाण्याआधीच करावे लागते.

भारतात जीप आली तेव्हा मागे काच नव्हतीच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. या गाडीला कापडी हूड असे आणि मागच्या पडद्यात पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन शिवलेला असे. ऊन आणि खारा वारा यांनी ते प्लॅस्टिक पिवळे पडे, कडक होई आणि घडीवर फाटे. दुरुस्ती सोपी होती. जाड कापड शिवणारे मशीन ज्याच्याकडे असेल असा कुशनवाला जुना तुकडा उसवून नवा लावून देई. मापासाठी जुना पडदाच पुरे. पावसाळ्यात पाणी आत येई ते मात्र येतच राही.

दुसरा टप्पा पत्र्याच्या टपाचा. जीपच्या सांगाड्यावर बंद बॉडी बांधून घेण्याची पद्धत वाढली, आणि पुढे कंपन्यांनीही बंद बॉडीच्या गाड्या काढल्या. बजाज टेम्पोची ट्रॅक्स, महिंद्रची आर्माडा आणि १९९४ ची टाटा सुमो या गाड्यांनी कोकणातली वडापची, म्हणजे सीट भरून चालणारी खासगी प्रवासी वाहतूक बराच काळ पेलली. २००० मध्ये महिंद्रची बोलेरो आली. तिच्या मागच्या दारावर स्टेपनी आणि वर काच अशी मांडणी आहे. बांधून घेतलेल्या टपाची काच बहुधा सपाट असे आणि ती रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेली असे.

रबरात काच बसवणे हे पाहण्यासारखे काम आहे. आधी जुने रबर आतल्या कडेने सुरीने कापून काढतात. उन्हाने लाकडासारखे झालेले रबर पुन्हा वापरले की गळती ठरलेली. मग चौकटीचा पत्रा घासून गंज काढतात, रंग लावतात आणि तो वाळू देतात. नवे बीडिंग काचेभोवती चढवले की त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवतात आणि तिची दोन्ही टोके खाली मधोमध एकमेकांवरून ओलांडून आत सोडतात. खाचेला साबणाचे पाणी लावतात. एक जण बाहेरून तळहाताने काच दाबून धरतो, दुसरा गाडीत बसून दोरीचे टोक हळूहळू ओढतो. दोरी जशी निघते तशी रबराची ओठी पत्र्याच्या कडेवरून उलटून आत बसते. कोपऱ्यात घाई केली तर ओठी दुमडते, आणि पहिल्या पावसात पाणी नेमके तिथून येते. शेवटी पाण्याची नळी सोडून पाहतात.

या टप्प्यापर्यंत गावचा काचवाला कामाचा होता. सपाट काचेचे माप कागदावर उतरवून साधी काच कापून बसवली जाई. पण अशी साधी काच फुटली तर तिचे लांब, धारदार तुकडे होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० ने मोटारीला सुरक्षा काच बंधनकारक केली. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असेही या नियमाने ठरवले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. सुरक्षा काचेचे भारतीय मानक आयएस २५५३ चा दुसरा भाग, आणि काचेच्या कोपऱ्यात कोरलेल्या खुणेत त्याचा उल्लेख असतो. साधी काच कापून लावण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला. आता सपाट काचेसाठीही साचा किंवा नेमके माप टफन करणाऱ्या भट्टीकडे पाठवावे लागते.

तिसरा टप्पा वळणाच्या काचेचा. १९९१ ची टाटा सिएरा हे त्याचे ठळक उदाहरण. तीन दारांच्या या गाडीच्या मागच्या भागात बाजूंना छतापर्यंत वळत गेलेल्या मोठ्या, न उघडणाऱ्या काचा होत्या. त्यानंतर १९९८ मध्ये सफारी आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. मागच्या काचेवर वायपर आणि धुके घालवणाऱ्या बारीक तारा दिसू लागल्या. या तारा म्हणजे चांदीच्या लेपाने छापून काचेतच भाजलेल्या रेषा असतात. अशी काच घडवायला प्रत्येक मॉडेलचा वेगळा साचा लागतो. याच काळात काचउद्योगही बदलला. रायगड जिल्ह्यात तळोजा येथे फ्लोट काच निघू लागली आणि पुण्याजवळ भोसरी, चाकण येथे सां-गोबां सेक्युरिट या कंपनीच्या कारखान्यांत मोटारीच्या काचा तयार होऊ लागल्या. काच देशातच मिळू लागली, पण फक्त ज्या मॉडेलचा साचा चालू आहे त्याची. गाडी बंद होऊन वर्षे लोटली की मागणी आटते आणि साचा अडगळीत जातो. २०२५ मध्ये सिएरा हे नाव नव्या गाडीवर परत आले, पण तिची काच जुन्या सिएराला बसत नाही.

नव्या घडणीत बऱ्याच काचा रबराऐवजी पॉलियुरेथेनने चिकटवलेल्या असतात. अशी काच काढताना चिकट थरातून पोलादी तार आरपार घालून दोन्ही बाजूंनी करवतीसारखी ओढतात. जुन्या थराचा एक-दोन मिलिमीटरचा पापुद्रा मुद्दाम ठेवतात, कारण नवा थर त्यावर चांगला धरतो. उघड्या पत्र्याला प्रायमर लावतात. काचेच्या कडेचा काळा पट्टा शोभेसाठी नसतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून तो खालच्या चिकट थराला सांभाळतो. हे पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर आळते, म्हणून किनाऱ्याची दमट हवा त्याला मानवते. मात्र ओल्या पत्र्यावर ते धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम उघड्यावर करता येत नाही.

वेंगुर्ल्यात खरा शत्रू गंज. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उरलेले महिने वाऱ्याबरोबर मिठाचे कण येत राहतात. रबराच्या खाचेत साठलेले खारे पाणी पत्रा आतून खाते. गंजलेला पत्रा फुगतो, काचेच्या कडेवर दाब देतो, आणि टफन काचेचा कमजोर भाग म्हणजे तिची कडच. त्यामुळे कधी दगड न लागताही उभ्या गाडीची काच खडे होऊन खाली येते. बाकी कारणे ओळखीची आहेत : माडावरून पडलेला नारळ, वादळात मोडलेली फांदी, मागे उडालेली खडी. मे २०२१ च्या तौक्ते वादळात या किनाऱ्यावर असंख्य झाडे पडली. असे नुकसान भरून देताना समग्र विम्यात काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत. पण जुन्या गाडीला बहुधा फक्त तृतीय पक्षाचाच विमा असतो, आणि त्यात काच येत नाही.

काच मिळवणे हाच आता कामाचा मोठा भाग झाला आहे. चालू मॉडेलची काच कुडाळ, सावंतवाडी, कोल्हापूर किंवा बेळगावच्या दुकानांतून मागवता येते. बंद मॉडेलसाठी भंगारात गेलेल्या गाडीची काच शोधावी लागते, आणि मुंबईत कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार त्यासाठी ओळखीचा आहे. काही मालक ॲक्रिलिकचा पत्रा कापून लावतात. तो ओरखड्यांनी लवकर धूसर होतो आणि नियमातल्या सुरक्षा काचेची जागा घेऊ शकत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा ओरोस येथील जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाच्या तपासणीत काचही पाहिली जाते.

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्याने काच शाबूत असतानाच तिच्या कोपऱ्यातली खूण आणि भागाचा क्रमांक टिपून ठेवावा, आणि दर पावसाळ्यानंतर बीडिंगखालचा पत्रा तपासावा. काच फुटलीच, तर आतले खडे दाराच्या पोकळीतून आणि सीटच्या रुळांतून पुरते काढावेत, पत्रा दुरुस्त करून रंगवावा आणि मगच नवी काच चढवावी. गंजलेल्या चौकटीत बसवलेली नवी काच फार काळ टिकत नाही.