साइडलोडिंग

फोनच्या अधिकृत दुकानाबाहेरून ॲप उतरवून घेणे. अँड्रॉइडवर एपीके फाइल उघडली की ‘अनोळखी स्रोत’ चालतील का, असे फोन विचारतो; होकार दिला की ॲप बसते. ॲपलने आयफोनवर ही वाट बंदच ठेवली होती. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथे इतर दुकानांना परवानगी मिळाली.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि साइडलोडिंग अडवू नये, असेही बजावले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, साइडलोडिंगचा आदेश मात्र रद्द केला.

खरा धोका कर्ज देणाऱ्या ॲपचा. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये ८० हून अधिक ॲप-दुकानांत सुमारे १,१०० कर्ज-ॲप आढळली. त्यांतली ६०० बेकायदा. कर्जाचा असा जाच नवा नाही; पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावाने सावकारीच्या रूपात तो पूर्वीच पाहिला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, इथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांतून कर्जरोखे ओढून काढून जाळले; दख्खनचे दंगे इथूनच पेटले आणि १८७९ चा शेतकरी कायदा आला. तेव्हा रोखा सावकाराच्या पेटीत असे. आता कर्जदाराच्या फोनमधली नातेवाइकांच्या नंबरांची यादीच तारण होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी ॲपना ती यादी वाचायला मनाई केली. पण अधिकृत दुकानांतही अशी ॲप सापडली आहेत, म्हणून नुसते साइडलोडिंगचे दार बंद करणे हा पुरेसा उपाय नाही. वाट मोकळी असावी. ॲपमागची परवानाधारक संस्था कोणती, हे मात्र पहिल्याच पडद्यावर मराठीत दिसले पाहिजे.